सराफाच्या बटव्यातली बाटली

जबाब : बसस्थानक पोलीस चौकी, धुळे

मी श्रीमती कोकिळाबाई रतिलाल पाटील, वय ६१, धंदा साड्यांना फॉल-पिको करणे, राहणार चाळीसगाव. समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. पती वारले, मूलबाळ नाही.

पाळी जाऊन अकरा वर्षे झाली असताना पौषापासून मला पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागले. हे मी कोणाला सांगितले नाही. आज सकाळी दहा वाजता चाळीसगावच्या डॉक्टरबाईंनी भूल न देता दुर्बीण घालून गर्भपिशवी आतून तपासली. मला टीव्हीवर दाखवली. "अक्का, बघा, बाकी साफ आहे, कोपऱ्यात एवढा एक मस आहे," असे म्हणून त्यांनी तो दुर्बिणीतूनच काढला. मनुक्याएवढा होता. औषधाच्या पाण्यात घालून बाटली दिली आणि धुळ्याच्या लॅबमध्ये घरच्या कोणाकरवी आजच पोचवा म्हणाल्या. मी बरं म्हटले.

बाटली चारचौघांत दिसू नये म्हणून ती सराफाकडच्या लाल मखमली बटव्यात घातली. साडेबाराच्या बसमध्ये बटवा दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले. मेहुणबारे येथे एक बाई शेजारी बसली. वय अंदाजे चाळीस, हिरवी साडी, नाव माहीत नाही. "अक्का, एकलीच शे का? तोंड उतरी गे तुमनं," असे विचारून तिने पाणी दिले. मग "इतलं जपीसन काय शे?" म्हणाली. मी म्हटले, "बाई, मना बठ्ठा जीव शे यामा," म्हणजे माझा सगळा जीव यात आहे.

त्यानंतर तिच्या खांद्यावर मला झोप लागली. धुळ्याला कंडक्टरने उठवले तेव्हा बाई नव्हती, बटवाही नव्हता. माझी शाल घडी करून डोक्याखाली ठेवलेली होती.

हवालदारांनी किती तोळे होते असे विचारले. सोने नव्हते. मग काय होते ते मला सांगावे लागले.

तो मस साधा की कॅन्सरचा हे लॅबमध्येच समजणार होते. तो आता माझ्या पोटात नाही, पुन्हा काढता येणार नाही. बाईवर माझा राग नाही. बटवा तिने ठेवावा. बाटलीवर माझे नाव आहे, ती फेकू नये एवढेच. सापडल्यास घरी कोणाला कळवावे, असे विचारल्यावरून सांगते की, मलाच कळवावे.

जबाब महिला शिपाई पूनम यांनी लिहून घेतला व वाचून दाखवला. मधला भाग माझ्या सांगण्यावरून हळू आवाजात वाचला. मोठ्याने वाचलेला आणि हळू वाचलेला, दोन्ही भाग मी सांगितले तसेच आहेत.

(सही) कोकिळाबाई रतिलाल पाटील