कॉम्प्युटरचं धुराडं

जादा पंख्याचा विषय माझ्यापुढं काढूच नकासा. मी घरात स्वतः कॉम्प्युटर जोडला, तवा आपला दुकानवाला संज्या म्हणाला, "दोन पंख्यांनी भागणार न्हाय. आणखी दोन घे, न्हायतर पाण्यावरचं कूलिंग बसव."

मी म्हटलं, "दोनच. तिसरा लावला तर नाव बदलीन!"

झालं. गेम लावली की दहा मिनिटांत डबा तापून बंद! प्रोसेसरवरची पेस्ट पुन्हा लावली, धूळ झाडली, तरी तेच. पण संज्याला फोन केला न्हाय. हट्ट म्हणजे हट्ट.

अशात राधानगरीचं मामा घरी आलं. मामा गुऱ्हाळावर गूळ शिजवणारं गुळव्या, सारा जन्म चुलवाणापुढं गेलेला. त्यांनी डब्याभोवती हात फिरवला आणि विचारलं, "ह्याचं धुराडं कुठं हाय?"

"मामा, ही काय चूल हाय व्हय?"

त्यांनी देवघरातली पेटती उदबत्ती आणून पुढच्या पंख्याजवळ धरली. धूर आत गेला. मागच्या पंख्याजवळ धरली. तिथंबी धूर आतच!

"दोन्हीकडनं आतच वढतोय की रं. तापल्यालं वारं भाईर जाणार कुठनं, तुझ्या डोक्यातनं?"

मागचा पंखा मीच उलटा बसवलता. गपगुमान फिरवला. त्या दिवसापासनं डबा एकदाबी बंद पडला न्हाय.

परवा संज्या भेटला. डबा आता तापत न्हाय म्हटल्यावर म्हणाला, "शेवटी बसवलासच न्हवं कूलर? कुठल्या कंपनीचा?"

म्हटलं, "मामा कंपनीचा."