जाड भिंती

नव्या गृहसंकुलाच्या विक्री कार्यालयात निवृत्त हेडमास्तर बायकोसोबत आपल्या नंबरची वाट बघत बसले होते. समोरच्या टेबलाशी, शहरात नवीनच आलेलं एक जोडपं घर ठरवत होतं.

“भिंतीपलीकडे आवाज जातो का हो?” नवऱ्याने विचारलं.

“छे हो सर! शेजारी काय चाललंय याचा पत्तासुद्धा लागत नाही,” टेबलामागची मुलगी म्हणाली.

“बास, हेच पाहिजे. आधीच्या सोसायटीत लोकांचे कान कायम आमच्या भिंतीला.”

“मॅडम, तुम्हालाही पसंत ना?”

“पातळ भिंतींचं एखादं नाही का तुमच्याकडे?”

“पातळ? असं कुणी मागत नाही, मॅडम.”

“तिकडे यांचा आवाज चढला की शेजारच्या मावशी इस्त्री मागायला यायच्या. दर वेळी नेमक्या तेव्हाच यायच्या.”

“अगं, चारचौघांत काय बोलतेस हे?”

“चारचौघांतच बोलता येतं मला.”

मुलगी माहितीपत्रकं उगाचच सरळ करत राहिली. मग तिने हेडमास्तरांकडे पाहिलं.

“काका, तुम्हाला काय विचारायचं होतं?”

हेडमास्तरांनी घसा खाकरला.

“पार्किंगचं.”

“घरून निघताना तर भिंतींचं म्हणत होतात,” त्यांची बायको म्हणाली.