वरच्या खोलीचं बटन

न्हाई न्हाई अजिनाथभाऊ, मीटरच पळतंय, मी सांगते ना तुमाला — दिवाळीपासनं पळतंय. आमी दोघंच मानसं घरात, मी आन् हे. पंखे थंडीचे बंद, टीव्ही यांच्या बातम्यांपुरता, मंग एवढं बिल यावं कावून? म्हनून तर तक्रार दिली, आन् तुमी आलात, लई बरं झालं. काय? सगळी बटनं बंद करू? करते की. घ्या, फ्रिज बी काढला. आता बघा. लाल दिवा अजून मिचमिचतोय? मी म्हनलं न्हवतं, मीटरच खराब हाय! ... न्हाई? कुठंतरी लाईट जातीयच म्हंता? मंग आदी ती मागची वायर बघा — पत्र्याच्या खोलीत गेलेली. मला वाटतंय लफडं त्यातच हाय. तोडलेली हाय, हो, मीच तोडायला लावली. पन तोडली तरी एखाद्या टायमाला झिरपत असंल ना? ... न्हाई झिरपत. बरं.

कोन राहतं म्हंजे — सुभद्राबाई आन् तिची नात, मनिषा. मानसं चांगली हायत, तसं काही न्हाई. लेक आन् सून दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्याला जातात, आन् म्हातारी नातीसाठी मागं राहायची. पोरगी दहावीला. बाकीच्यांची पोरं बिऱ्हाडासंगं ट्रॅक्टरात बसली, हिला बापानं ठेवलं — लई हुशार म्हनून. त्यांच्या खोलीला मीटर न्हाई, तवा मीच म्हनलं होतं, आमच्यातनं एक वायर न्या, दोन दिव्यांनी आमचं काय जातंय. मीच म्हनलं होतं बरं का, त्यांनी मागितली न्हवती.

मंग दिवाळीनंतरचं बिल आलं आन् माजं डोकं फिरलं. आमच्यात तर काही वाढलं न्हाई, मंग वाढलं कुठं? गेले तशीच खोलीत. फळीवर तारंची शेगडी दिसली, लाईटवरची. म्हनलं, हे काय गं सुभद्रा? ती म्हनली, "बाई, जळालेली हाय ती, भंगारात घालायची राहिली." मी म्हनलं, हो, तू तर तसंच म्हननार. आवाज ऐकून गल्लीतल्या बाया जमल्या, आन् त्यांच्यासमोर मी — जाऊ द्या, काय बोलले ते सांगन्यासारखं न्हाई. पोरगी पुस्तक धरून भिंतीला उभी. एवढंच म्हनली, "मोठ्या आई, भिंत बघा की, सगळी धुरानं काळी हाय. शेगडी असती तर चूल कावून पेटवली असती?" भिंत काळी होतीच. मला काय दिसत न्हवतं? खाली चुलीवर भात शिजत होता, भाऊ, माज्या डोळ्यासमोर. पन एकदा तोंडातनं गेलं ना, एवढ्या बायांसमोर, मंग मागं कसं घ्यायचं? वायरिंगची कामं करनाऱ्या प्रविणला बोलावलं, म्हनलं, काढ वायर.

तुमी तुमचं बघा, बघा. मी आपलं सांगतीय. — सुभद्राला अंधाराचं दिसत न्हाई, एका डोळ्यात मोतीबिंदू. खोलीत इंचू निघाला. पोरगी मोबाईलच्या उजेडात वाचायची, तो बी चार्ज करायला पार देवळाकडं जायची. आमच्या दारावरनं जायची, पन आत कधी आली न्हाई. मंग बापाला कळलं, तो आला आन् दोघींना घेऊन गेला. कारखान्यावरच्या खोपीत. जाताना सुभद्रा माज्या पाया पडली. टोमणा म्हनून न्हाई हो, रीत म्हनून पडली. त्याचंच तर —

पुढचं बिल? आलं की. तेवढंच आलं. वायर तोडलेली, खोलीला कुलूप, आन् बिल तेवढंच. यांना दाखवलं बी न्हाई मी. तवाच फोन केला असता तर पोरगी माघारी आली असती. पन कोनत्या तोंडानं करायचा? म्हनलं मीटरच खराब असंल. मीटर खराब निघालं तर मंग कुनाचीच चूक न्हाई ना — न तिची, न माजी.

काय? ते खालचं बटन पाडलं की दिवा थांबतोय? ते कशाचं हाय ... ते वरच्या खोलीचं. ती तर बंद असती हो. आमचा लेक अमरसिंह पुन्याला असतो, दिवाळीला येतो तवाच उघडतो आमी. घ्या चावी. जावा तुमी वर, माज्या गुडघ्याला पायऱ्या झेपत न्हाईत ... सापडलं का काही? ... मोठ्यानं बोला! ... गिझर? चालू? आन् गरम पान्याचा नळ ठिबकतोय?

बसा. बसा भाऊ, मी बी बसते. म्हंजे दिवाळीला सून न्हायली आन् तशीच गाडीत बसली. पन तिला काय म्हनू? कुलूप मी लावलं. आत डोकावून बघितलं न्हाई, पाठीमागं त्या मोरीच्या पायपापाशी कुत्रं सगळी थंडी अंगाचं मुटकुळं करून झोपायचं, तरी मला सुचलं न्हाई की तिथं ऊब कशाची. — एक करता का? तुमच्या कागदावर लिहा की मागच्या वायरीत दोष होता. गावात इचारतील हो लोक ... न्हाई लिहिता येत. बरोबर हाय तुमचं.

दहावीची परीक्षा कवा हाय? अजून महिना हाय? मंग होतंय की! पोरगी हुशार हाय, महिन्यात करील समदं. मी आनून ठेवते तिला, हितं, याच घरात, वरच्या खोलीत बसू दे. थांबा, तुमच्यासमोरच लावते फोन.

हॅलो — सुभद्रा? मी तुळजाबाई. ... हां, बरे हाव. ... न्हाई गं, बिलासाठी न्हाई केला. ... माफी कशाची मागतीस तू, ऐक तर माजं — मनिषा कुठंय? दे तिला. ... कुठं? ... कवा? ... न्हाई, आमाला कसं कळंल. ... हो, तरनी पोरगी खोपीत कुठवर सांभाळायची, ते बी खरं. ... पुस्तकं नेली का तिनं? ... न्हाई, उगंच इचारलं. ... सासरची मानसं चांगली हायत ना? ... बरं. ... न्हाई, काम काही न्हवतं. सहज केलता. ठेव.

काय बघता? गिझर बंद केला न्हवं? झालं मंग तुमचं काम. जावा.