स्वीडची तिसरी ओळ

बुधाजी : त्या दिवशी रिक्षावाला नुसतं 'घरी जा' म्हणाला. का, ते सांगितलंच नाही. मी बोंबील घेतले, मग निघालो. वहिनी, इकडं बायको गेलेली आणि मी रेवदंड्याला बोंबील निवडत होतो.

केसर : मीच सांगितलं व्हतं त्याला, वाटेत काय बोलू नको म्हणून. रस्त्यातच बसला असता तुम्ही. महिना झाला, भावोजी. आता वाफ्यात कशाला बोलावलंत, ते सांगा.

बुधाजी : हे बघा. हे काय आहे?

केसर : मोहरी दिसते.

बुधाजी : मोहरी नाही. आमच्या धनेशनं जहाजावरून येताना आणलेलं बी. स्वीड म्हणतात.

केसर : त्याचं काय खातात?

बुधाजी : गड्डा. थंड मुलखातला. नवलकोलासारखा, पण मातीत धरतो म्हणे. जहाजावर उकडून देतात. हिला, आवडाला म्हणाला, आई, घरचा खायला मिळाला पाहिजे. झालं, हिनं मनावर घेतलं.

केसर : आणि चौलात थंडी कुठनं आणणार व्हती ती?

बुधाजी : मीही तेच विचारलं. म्हणाली, पहाटेचा गारठा पुरे.

केसर : पुरला की. सुतकात पाणी मी घालत व्हते. तुम्ही इकडं फिरकला पण न्हाय.

बुधाजी : कळतंय मला ते. पण हे कळत नाही. ह्या दोन ओळी बघा, सरळ. चिमटीनं बी टाकलंय. तिसरी निम्म्यापर्यंत तशीच. आणि इथं एकाच जागी एवढी दाटी? ती असं पेरणारी नव्हती.

केसर : न्हाय, नव्हती.

बुधाजी : कोंबडीनं उकरलं? की पाण्यानं वाहून आलं?

केसर : पाणी मी झारीनं घालते.

बुधाजी : मग?

केसर : आधी ह्या दोन ओळी विरळ करा. वीतभर अंतरावर एकेक ठेवा, बाकीची उपटा.

बुधाजी : उपटू? चांगली आहेत ती.

केसर : कारखान्यात जन्म गेला तुमचा! मुळ्याचं असंच करतात. न्हायतर एकाचाही गड्डा भरणार न्हाय, आणि धनेश शिमग्याला येऊन पाला चघळील.

बुधाजी : कुठलं ठेवायचं? सगळी सारखीच.

केसर : जाड देठाचं. हे नको, ते. अहो, हळू! शेजारचं हललं. मुळाशी बोट दाबून धरा.

बुधाजी : असं?

केसर : व्हय. उपटलेली द्या इकडं, भाजी करते.

बुधाजी : झाल्या दोन्ही. आता सांगा. इथं काय झालं?

केसर : मी आले तेव्हा ती इथं पडलेली व्हती. कुशीवर. बियांची पुडी हातातच, उलटी.

बुधाजी : इथं? मी आलो तेव्हा ती ओटीवर होती.

केसर : आम्ही उचलून नेली. तोंडाला माती व्हती. पुसली. तशी तुम्हाला दाखवायची नव्हती.

बुधाजी : मला वाटलं, ओटीवरच गेली. महिनाभर मी ओटीवर झोपतोय, वहिनी. त्याच जागेवर.

केसर : सांगायला हवं व्हतं. चुकलं आमचं.

बुधाजी : चुकलं म्हणत नाही मी. पण मग ओटीवर काय होतं? काहीच नव्हतं?

केसर : भावोजी, उठा. ऊन आलं.

बुधाजी : ह्यातलं कुठलं ठेवायचं?

केसर : एक. लईच वाटलं तर दोन. दाटीत सगळीच जातील. मी काढू?

बुधाजी : नको.

केसर : मग तुम्ही काढा.

बुधाजी : बघतो.

केसर : रात्री धनेशचा फोन येईल. विचारील बियाचं. काय सांगाल?

बुधाजी : सांगेन, उगवलंय. दोन ओळी विरळ केल्या. तिसरी राहिलीय.