वाकलेल्या गड्याला गोळी लागू नये

सन्माननीय अध्यक्ष, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं सास्तूरची दोन पिढ्यांची पोरं ओळीत बसली, ते कल्याणप्पा गुरुजी. व्यासपीठावरचे ग्रामपंचायतीचे सन्माननीय सदस्य. माझ्या शेजारीण फरिदाबी, ज्या मगापासून चष्मा पुसतायत आणि चष्म्याला काहीच झालेलं न्हाय. त्यांचा लेक, आजचा सत्कारमूर्ती चिरंजीव तौसिफ, जो हारात हनुवटीपतूर बुडालाय. समोरचे वडीलधारे, सतरंजीवरच्या लेकी-सुना, आणि खुर्च्या रिकाम्या असताना खिडकीत चढून बसलेली तरणी पोरं. सगळ्यांना ह्या चन्नम्माचा शरणु शरणार्थी.

माझ्या आधी जे बोलले ते कागद बघून बोलले. माझी ती सोय न्हाय. अक्षराची आणि माझी गाठच पडली न्हाय. म्हणून माझी नात शिवरंजनी तिथं बसून मी बोलते ते फोनमध्ये उतरून घेतीय. शिवरंजनी, बोलते तसंच लिही बाई. मागच्या वेळी मी "बरं झालं" म्हणाले, तर हिनं "मनस्वी समाधान वाटले" असं लिहिलं. मला उभ्या जन्मात मनस्वी समाधान वाटलेलं न्हाय.

गुरुजींनी मला वर येताना बजावलंय. "चन्नम्माबाई, दोनच शब्द बोला, आणि त्या मोबाईलच्या गेमचं काही काढू नका. पोरांत वाद होतो." गुरुजी, तुमचा मान राखून मी दुसरं काहीच काढत न्हाय.

का काढू नये, सांगा? हा पोरगा गाव सोडून चाललाय कशापायी? हैदराबादच्या एका कंपनीनं त्याला नोकरी दिलीय. काम काय, तर कंपनीनं केलेला गेम दिवसभर खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधून सांगायच्या. हे ऐकलं तवा मला वाटलं, चुका काढायचं काम तर मी घरात सून आल्यापासून करतीय, मला कुठल्या कंपनीनं बोलावलं न्हाय. सूनबाई, हसू नको. तूही शिकलीस आता.

तर दिवेलागणीला तौसिफची गाडी हाय. सगळं गाव त्याला भेटून गेलं. पेढे झाले, फोटो झाले. एक माणूस तेवढा राहिलाय. तो दिवाळीपासून तौसिफशी बोललेला न्हाय. आज तो इथं आलाय, पण निरोप द्यायला आलाय असं समजू नका. साऊंड त्याचा हाय म्हणून आलाय. ‘नंदीश साऊंड सर्व्हिस, लग्न, बारसं, जयंती.’ माझा सख्खा नातू. तो बघा, त्या कोपऱ्यात पेटीमागं मान खाली घालून बटणं फिरवतोय. फिरवायला तिथं काही नसतंय, मला ठाऊक हाय.

आमच्या आणि फरिदाबींच्या घरात एक बोळ. भूकंपानंतर नवं गाव वसलं तवा शेजार मिळाला, तो मिळाला. ही दोन पोरं त्या बोळात रांगली. एकाचा ताप दुसऱ्याला यायचा. आमच्या घरी कडबू असला की तौसिफ न सांगता हजर, आणि ईदचा शीरखुर्मा नंदीशच्या वाटीत आधी पडायचा. आता दोघं बोळातनं जाताना एक जण भिंत बघतो, दुसरा फोन बघतो. ह्याचं कारण तो गेम हाय. मग त्याचं काढू नको तर काय हवापाण्याचं काढू?

ज्यांना ठाऊक न्हाय त्यांच्यासाठी सांगते. गुरुजी, तुम्हीही ऐका, परीक्षा घेणार न्हाय.

जुना गेम, त्याचं नाव ‘आखरी मैदान’. सगळ्या जिल्ह्यातली पोरं तोच खेळायची. त्यात शंभर माणसं विमानातनं छत्र्या उघडून खाली उतरतात आणि दिसंल त्या घरात घुसतात. कडी वाजवणं न्हाय, कोण हाय का विचारणं न्हाय. टोपी दिसली घातली, बंदूक दिसली उचलली. म्हणजे आपला आठवडी बाजार, फक्त दुकानदार पळून गेलेला. मग ही पोरं जीप काढून हिंडतात, गवतात पडून राहतात, आणि बोलतात. कुणाच्या बहिणीचं जमलं, कुणाच्या सोयाबीनवर अळी पडली, कोण मास्तर कुठं बदलून गेला. बंदूक नावाला. आमच्या ओट्यावर चार पोरं बसायची, नंदीश, तौसिफ आणि आणखी दोघं, आणि मी वाती वळत ऐकायची. गावातली निम्मी बातमी मला त्या लढाईतनं कळायची.

आणि त्यातली एक गोष्ट मला लई पसंत. गडी पडला की लगेच मरत न्हाय. रांगत राहतो. जोडीदारानं जवळ बसून हात दिला की उठून उभा राहतो.

आता नवा. त्याचं नाव ‘फौजी फाइव्ह’. इकडून पाच, तिकडून पाच. विमान न्हाय, जीप न्हाय, हिंडणं न्हाय. हा गेम म्हणजे मळणी. मशीनवर कसं असतंय? एकानं पेंढ्या द्यायच्या, एकानं ओढायचं, एकानं पोतं धरायचं. पोतं धरणारा तंबाखू मळायला गेला की रास मातीत. तसं त्यात एकाकडं ढाल, एक धूर करणार, एक डॉक्टर. ज्यानं त्यानं आपली जागा सोडायची न्हाय. डाव झटक्यात संपतो. बोलायला सवड न्हाय, नुसतं ओरडायचं. आणि पडला तो पडला. पुढचा डाव लागेपतूर दुसऱ्यांचं बघत बसायचं.

चांगला कुठला, असं खिडकीतनं कोण विचारतंय? थांब की. लग्नात पहिल्या पंगतीलाच ताक मागतोस का?

तौसिफला नवा आवडला. त्याचं डोकं तसंच. शिस्तीचं. त्याच्या चपला दारात सरळ रेषेत असतात. उमरग्याचा जुन्या गेमचा सामना तोंडावर आला आणि हा म्हणाला, मी नवा खेळणार. उरलेले दोघं त्याच्या मागं गेले. नंदीश एकटा उरला. त्या दिवशी बोळात जे बोलणं झालं, ते म्या दाराआडून ऐकलं. दार माझंच हाय, मी कुठंही उभी राहीन.

तौसिफ म्हणाला, "त्या जुन्यात नुसतं हिंडायचं, नंद्या. त्याला टीम लागतच न्हाय."

"टीम लागत न्हाय? मग आपण इतकी वर्षं काय केलं?"

"गप्पा मारल्या."

"मग त्या जास्त झाल्या का तुला?"

तौसिफ खाली बघून दारातल्या चपला सरळ करायला लागला. नंदीशला सुचलं ते वाईट सुचलं. म्हणाला, "त्या भिकार गेमला हात लावला तर नाव बदलीन." आणि दार लावलं. माझ्या अंगावरच लावलं. तवापासून बोलणं बंद.

आता खरी गोष्ट. फरिदाबी, ते पेढ्याचं ताट खाली ठेवा, सांडंल.

संक्रांतीनंतर एका दुपारी तौसिफ पळत आला. "अव्वा, मेहेरबानी करा, चला." त्याच्या नव्या गेमचा मोठा सामना होता, कंपनीची माणसं बघणार होती, आणि पाचवा गडी ऐनवेळी साखरपुड्याला गेला. स्वतःच्याच गेला, म्हणून त्याला काही बोलता येईना. म्या विचारलं, "मला काय येतंय रे?" तो म्हणाला, "तुम्ही डॉक्टर. मी पुढं जातो, माझ्या मागं मागं यायचं, आणि आपल्यातला कुणी लाल दिसला की हिरवं बटण दाबायचं." एवढंच? लोकांना बरं करायला एवढंच लागतंय, तर मी आजपतूर उगाच काढे उकळले.

तर मी फरिदाबींच्या पलंगावर मांडी घालून बसले. शिवरंजनीनं माझ्या बाहुल्याच्या डोक्यावर माझं नाव लिहून दिलं, ‘चन्नम्मा, सास्तूर’. त्या गेमातलं गाव आपल्या नव्या सास्तूरसारखंच, सगळ्या गल्ल्या सरळ, सगळी घरं सारखी. तिथं मोठेमोठे चुकतात म्हणे. मी चुकले न्हाय. भिंतीला तेवढी दोनदा धडकले.

शेवटच्या डावाला मी एका दारात उभी. समोरनं शत्रूचा गडी आला. धिप्पाड, तोंडाला काळं फडकं. बंदूक माझ्याकडं. तौसिफ लांब. म्या म्हटलं, चन्नम्मा, आटपलं. आणि त्या गड्यानं काय करावं? बंदूक खाली केली आणि माझ्यासमोर वाकला. वाकून उठला. मग वळला, आणि दाराच्या उंबऱ्यापाशी परत एकदा वाकला.

सांगा मला. आधी आजीच्या पायाशी, मग उंबऱ्याशी. कुठल्या घरातलं पोरगं असं करून बाहेर पडतंय? ते वळण पोराला लावलं कुणी? आमच्या घरात तर ते म्या लावलंय, आणि लावताना दोन धपाटेही

आं? काय झालं? आवाज कुठं गेला?

लाईट गेली का? पंखा तर फिरतोय. नंदीश, वायर निघाली का तूच काढली? राहू दे, राहू दे. मला माईक लागत न्हाय. रानातनं हाक मारली तर घरात चुलीवर भाकरी पडायची. मागचे लोक, ऐकू येतंय का? येतंय म्हणतात. ऐकलंस का रे?

तर त्या गड्याच्या डोक्यावर नाव होतं ‘एकटा वाघ’. शिवरंजनीनं वाचून दाखवलं. नाव बदलीन म्हणाला होता न्हाय का? शब्दाचा पक्का पोरगा. बदललं.

म्या म्हटलं, वाकलाय तर आशीर्वाद द्यावा. हिरवं बटण दाबलं. शत्रूला ते लागू होत न्हाय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दाबतीय, दाबतीय, आणि मागनं तौसिफ आला आणि घातली गोळी. वाघ तिथंच आडवा. "अव्वा, वाचलात तुम्ही!" हा ओरडला. मी कशाची वाचते! मला कोण मारत होतं? आणि त्याच वक्ताला बोळापलीकडून, आमच्या घरातनं आवाज आला, "वाकलेल्याला मारतो का रे, बेइमान!" तौसिफच्या कानात ती टोपणं होती. त्याला काही ऐकू गेलं न्हाय. मला गेलं.

सामना तौसिफ जिंकला. तिथंच कंपनीच्या डोळ्यात भरला. आज जो हार गळ्यात हाय, त्यातली निम्मी फुलं त्या आडव्या पडलेल्या वाघाची. त्या दिवशी नंदीश जेवायला बसला तर भाजीत मीठ न्हाय म्हणाला, मग जास्त झालंय म्हणाला. भाजी तीच.

काय? तौसिफ काय म्हणतोय? फरिदाबी, त्याला मोठ्यानं बोलू द्या. "वाघ नंद्या होता?" व्हय बाबा, नंद्याच. कुठली कुठली चार अनोळखी पोरं गोळा करून तुझा गेम शिकत होता तो. तुझ्याशी बोलायचं न्हाय, आणि तुझ्यावाचून करमायचंही न्हाय. मग तू जिथं हिंडतोस तिथं तोंडाला फडकं बांधून हिंडायचं. मला विचारशील तर जुना गेम त्यानं धरला तो गेमासाठी न्हाय. त्यात बोलायला मिळायचं म्हणून धरला. आणि नवा धरला तोही त्यासाठीच.

अगं बाई, माईक आला. हा आवाज माझा न्हाय. ऐका, ऐका सगळे, पेटीमागनं कोण बोलतंय. काय म्हणाला? "मागनं मारलं त्यानं." बघा. दिवाळीपासून पहिलं वाक्य, आणि तेही तक्रार. माझाच नातू.

थांबा, सत्कारमूर्ती उठले. गुरुजी, उठू द्या त्याला, कार्यक्रम कुठं पळून जात न्हाय. चालला पेटीकडं. हार पायात येतोय रे, धर तो. उभा राहिला. आणि… शिवरंजनी, हे नीट लिही. तौसिफ पेटीसमोर वाकला. उठला. आता काय, परत वाकला. तिथं उंबरा न्हाय रे, स्पीकर हाय. चालंल, चालंल.

नंद्या, आता तुझी पाळी. मागनं गोळी घालू नको.

घातली न्हाय. हात दिला. जुन्या गेमसारखा.

फरिदाबी, आता पुसा चष्मा. माझाही द्या पुसून.

बघा, गाडीच्या आधी एक डाव खेळू म्हणतायत. आणि लगेच सुरू झालं, ऐका. हा म्हणतो जुना लावू, तो म्हणतो नवा. "तुझ्या गेममध्ये उठवता येत न्हाय." "तुझ्यात उठायला कारणच नसतंय." भांडा, भांडा. आता हे भांडण तोंडानं चाललंय, मला चालतंय. खिडकीतल्या पोरा, चांगला गेम कुठला विचारत होतास. ह्या दोघांचं ठरलं की तुला सांगते. माझ्या हयातीत ठरंल असं वाटत न्हाय.

गुरुजी घड्याळ बघतायत. आवरते. तौसिफ, हैदराबादला गेलास की पहिल्याच दिवशी तुझ्या साहेबांना सांग, ‘फौजी फाइव्ह’मध्ये एक मोठी चूक हाय. वाकलेल्या गड्याला गोळी लागते. ती लागू नये. कुणी सांगितलं विचारलं तर सांग, सास्तूरच्या डॉक्टरीणबाईंनी.

मला इथं बोलू दिलं म्हणून गुरुजींचे, ऐकून घेतलं म्हणून गावाचे, आणि माईक परत चालू केला म्हणून साऊंडवाल्याचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात मान-अपमान इकडचा तिकडं झाला असंल, कुणाचं नाव राहिलं असंल, कुणाचं नको तितकं घेतलं असंल, तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. माझ्या चुका तुम्ही शोधू नका. त्याला माणूस नेमलाय, आणि त्याची गाडी सुटायला अजून एक डाव बाकी हाय.

शरणु.