डिस्कीवरचं नाव

रसवंतीचं दातेरी चाक मांडीवर घेऊन मुक्ताबाई येरमाळ्याच्या लेथवर नंबराची वाट बघत बसली होती. पुढचा माणूस आपल्या भारी गाडीची, भोकं अन् खाचा पाडलेली ब्रेकची डिस्क घेऊन लेथवाल्या कोंडीरामशी हुज्जत घालत होता. मुक्ताबाईचे कान तिकडंच होते.

"काका, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतंय. घासून सपाट करा."

"केलं असतं. पण रॉकेल लावून पुसलं, वरून खडू फासला, तर या भोकापास्नं त्या भोकापर्यंत रेघ उमटली. तडा हाय."

"घासल्यावर जाईल की."

"दिसायचा बंद होईल. जायचा न्हाय."

"तेवढंच पाहिजे. उद्या परंड्याचं गिऱ्हाईक गाडी न्यायला येतंय."

"बायका-लेकरं घेऊन?"

"ते मला काय माहीत? तुम्ही मशीन सुरू करा."

"करतो. पण म्या घासलेल्या हर मालावर माझं नाव ठोकतो. हिच्यावर तुमचं ठोकतो. सांगा, आडनावासकट."

"माझं कशाला?"

"घाटात फुटली, तर लोकांनी कुणाला विचारायचं?"

"नाव राहू द्या, काका."

"मग डिस्क उचला. मुक्ताबाई, आणा तुमचं चाक. त्याच्यावर माझं नाव हाय."