सोयऱ्याची गोणी

— नाय, रामकिसनराव, राग धरू नका, पण सुतळी सोडल्याबिगर तुमच्या गोण्या कोठीत जायच्या नाय्त. व्हय, ठाऊक हाय मला, सोयऱ्याच्या घरून आलेल्या गोणीचं तोंड उघडू नये. उद्या तुमची साळू माझी नातसून व्हायची, अन् मी तुमचीच जवारी तपासती — बसा ओट्यावर. माझा हात तळाला लागस्तोवर एक ऐका. आटपाट नगर नव्हतं, आपलं देवगिरी होतं. एवढा खंदक, एवढे दरवाजे. दिल्लीची फौज आली, तरी राजाला वाटलं, गोण्या भरल्यात तवर भ्या नाय. उघडल्या तवा मीठ — असं म्हणत्यात बाबा. तुमचा कालेजातला पोरगा सांगतो, राजाची फौज बाहेर गेली होती म्हणून राज्य बुडालं. आसंल. पण गोणीत बोट घालणारी एक बाई नव्हती का तिथं? होती. राजाच्या गोणीला हात कोण लावणार? मोठ्याचं कुणी तपासंना झालं की राज्य आतूनच जातं, बाहेरचा निस्तं दार ढकलतो. पुढं राजाच्या जावयाची कातडी सोलली अन् वेशीला टांगली.

तशीच एक गढी होती, देवगावच्या अंगाला. तिथं तीन भाऊ होते, अन् थोरल्याची एक बायको होती. निजामाची सद्दी संपत आलेली, रझाकार गावं जाळीत फिरायचे, म्हणून सगळ्यांनी गढीत कोंडून घेतलेलं. लासूरहून सोयऱ्यानं गाडीभर गोण्या धाडल्या. सून म्हणली, सोडून बघू. सासरा गरजला — सोयऱ्याची गोणी उघडती? आमची नाकं कापती? रचल्या तशाच. वेढा पडला, पीठ सरलं, पहिली गोणी फोडली — मीठ. दुसरी — मीठ. लेकरं तेच चाटून पाण्यासाठी आरडायची. मग भाऊ दाण्यासाठी मागच्या दारानं निघाले. मधल्याला उंबऱ्यातच बरचीनं खिळला. धाकट्याचं मुंडकं भिंतीवरून आत फेकलं, ते गडगडत चुलीपाशी आलं. थोरला परत आला, आतडी धोतरात गुंडाळून. दिवस मावळस्तोवर बायकोच्या मांडीवर होता. जाळायला बाहेर नेता येईना, प्रेतं फुगायला लागली. तवा बायकांनी त्याच गोण्या फोडल्या अन् आपली माणसं मिठात ठेवली. त्यांचे डोळे मिटत नव्हते, मूठ टाकताना माझा हात —

तिचा हात, म्हणायचं होतं.

व्हय. नवरदेवाचा आजा तो थोरला. पुढं लष्कर आलं, दार उघडलं, तवा जाळला. अन् गाडी? आता कशाला इचारता — सोयऱ्यानं भरली ती तुमच्या बापाच्या आडतीत. पांढरे पडू नका. नजरचूक झाली का कुणी बदलल्या, सांगायला कुणी उरलं नाय. नातवाला यातलं कायबी ठाऊक नाय, तुमीबी बोलू नका. मग तुमची लेक का केली? मी पोरगी बघायला आले तवा तिच्या आईनं तिला कालवणात मीठ टाक म्हणलं. पोरीनं आधी वाटीतलं मीठ चाखून बघितलं, मग टाकलं. मी तिथंच सुपारी फोडा म्हणलं.

हं, गेला हात कोपरापतुर. जवारीच हाय, कोरडी, टपोरी. दुसरीबी तशीच. आमच्या घरानं लई दिवसांनी मांडव बघितला, रामकिसनराव. डोळे पुसा, अन् जा मांडवात. दारात उभं ऱ्हाऊ नका, उजेड अडतोय — तिसरी बघायची ऱ्हायलीय.